सिलिंडर हेडचे घरगुती काम : ड्रॅग शर्यतीच्या इंजिनांचा इतिहास

ड्रॅग शर्यत म्हणजे जागेवर उभ्या असलेल्या गाडीने पाव मैल, म्हणजे १,३२० फूट, सरळ रेषेत कमीत कमी वेळात कापणे. वळणे नसल्यामुळे या शर्यतीत सगळा भर इंजिनाच्या ताकदीवर येतो आणि ती ताकद इंजिन किती हवा आत घेते यावर ठरते. पेट्रोल हवे तेवढे ओतता येते; ते जाळण्यासाठी लागणारी हवा मिनिटाला हजारो फेऱ्यांच्या वेगात सिलिंडरमध्ये भरणे कठीण असते. हवेची वाट सिलिंडर हेडमधून जाते. त्यामुळे अमेरिकेत, विशेषतः दक्षिण कॅलिफोर्नियात, घरामागच्या गॅरेजांतून शर्यतीची जी इंजिने तयार झाली, त्यांत सर्वाधिक हातकाम हेडवर झाले.

या कामाची सुरुवात फोर्डच्या मॉडेल टीपासून झाली. १९०८ ते १९२७ या काळात या गाड्या सुमारे दीड कोटी बनल्या. त्यांचे चार सिलिंडरचे इंजिन जेमतेम २० अश्वशक्तीचे होते. व्हॉल्व्ह सिलिंडरच्या शेजारी ब्लॉकमध्येच बसवलेले असल्यामुळे हेड म्हणजे नुसते झाकण होते. मात्र ते बोल्ट काढून उचलता येत असे आणि याच सोयीवर एक धंदा उभा राहिला. विस्कॉन्सिनमधील रेसीन गावचे जो जॅगर्सबर्गर यांनी ‘राजो’ नावाची आणि लुई व आर्थर शेव्हरोले या भावांनी ‘फ्रॉन्टेनॅक’ नावाची हेडे बाजारात आणली. या हेडांमध्ये व्हॉल्व्ह सिलिंडरच्या वर होते, त्यामुळे हवेला फारसे वळसे न घेता आत शिरता येई. १९२३ च्या इंडियानापोलिस ५०० शर्यतीत असे हेड बसवलेली एक फोर्ड पाचवी आली. साध्या प्रवासी गाडीच्या इंजिनातून हेड बदलून एवढे मिळू शकते, हे त्या निकालाने सिद्ध केले.

१९३२ मध्ये फोर्डने व्ही-८ इंजिन आणले : २२१ घनइंच, ६५ अश्वशक्ती आणि सामान्य माणसाला परवडणारी किंमत. व्हॉल्व्ह अजूनही ब्लॉकमध्येच होते, म्हणून याला फ्लॅटहेड म्हणतात. हौशी तरुणांनी पुढची वीस वर्षे हेच इंजिन उघडले, घासले आणि पुन्हा बांधले. त्याचे दोष आधीच नीट सांगायला हवेत, कारण सारी कारागिरी त्या दोषांभोवती वाढली. जळालेला वायू बाहेर पडण्यापूर्वी ब्लॉकमधून, सिलिंडरांच्या मधून, आडवा जात असे, त्यामुळे ब्लॉक फार तापे. एका बाजूच्या चार सिलिंडरांना एक्झॉस्टची तोंडे तीनच होती. मधल्या दोन सिलिंडरांना एकाच तोंडावर भागवावे लागे. शिवाय आत येणारी हवा व्हॉल्व्हमधून वर उसळून, हेडच्या छताखालून आडवी सरकून सिलिंडरमध्ये उतरत असे.

यावर दोन उपाय निघाले. पहिला पोर्टिंगचा : ब्लॉकमधल्या हवेच्या वाटा ग्राइंडरने मोठ्या आणि गुळगुळीत करायच्या. दुसरा रिलीव्हिंगचा : व्हॉल्व्ह आणि सिलिंडर यांच्यामधला ब्लॉकचा पृष्ठभाग खोलगट घासून हवेला उतार करून द्यायचा. पण तिथे घासलेली प्रत्येक जागा दहनकक्षात मोजली जाते आणि कॉम्प्रेशन, म्हणजे मिश्रण किती पट दाबले जाते ते प्रमाण, उतरते. ते परत मिळवण्यासाठी हेड खाली आणावे, तर व्हॉल्व्हवरची मोकळी जागा आखडते आणि हवा अडते. कॉम्प्रेशन आणि हवा यांच्या या ओढाताणीतून फ्लॅटहेड कधीच पूर्ण सुटले नाही. व्हिक एडेलब्रॉक, फिल वाइअँड, बार्नी नव्हारो यांच्यासारख्या लॉस एंजेलिस परिसरातल्या कारागिरांनी ॲल्युमिनियमची हेडे ओतून विकली. त्या प्रत्येक हेडच्या दहनकक्षाचा आकार म्हणजे या ओढाताणीत त्या माणसाने केलेली तडजोड होती. झोरा आर्कस-डंटोव्ह यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूयॉर्कमध्ये बनवलेले ‘आर्डन’ हेड मात्र तडजोड करत नव्हते. त्यात फ्लॅटहेडच्या ब्लॉकवर अर्धगोलाकार दहनकक्ष आणि वर बसवलेले व्हॉल्व्ह होते. ते महाग आणि नाजूक होते, पण दिशा त्यानेच बरोबर दाखवली.

या गाड्या पळायच्या त्या वाळवंटातल्या कोरड्या सरोवरांच्या तळांवर. मुरॉक हे त्यांतले सर्वांत नावाजलेले, आणि तिथल्या शर्यतींना शिस्त लावण्यासाठी १९३७ मध्ये सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन स्थापन झाली. पुढे मुरॉक लष्कराकडे गेले. आजचा एडवर्ड्स हवाई तळ तो हाच. युद्धावरून परतलेल्या तरुणांपैकी अनेकांनी विमानांची इंजिने जवळून पाहिलेली होती आणि मोजमापाची सवय अंगी बाणवली होती. १९४८ च्या जानेवारीत ‘हॉट रॉड’ मासिक निघाले. १९५० मध्ये सँटा ॲना इथल्या विमानतळाच्या धावपट्टीवर सी. जे. हार्ट यांनी नियमित ड्रॅग शर्यती सुरू केल्या. पुढच्याच वर्षी त्या मासिकाचे संपादक वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन, म्हणजे एनएचआरए, स्थापन केली. सरोवराच्या लांबलचक तळावर गाडीला वेग चढवायला वेळ मिळे. पाव मैलात तो मिळत नाही. हेडची परीक्षा इथे अधिक कडक झाली.

दरम्यान कारखाने पुढे गेले. १९४९ मध्ये कॅडिलॅक आणि ओल्डस्मोबील यांनी वर व्हॉल्व्ह असलेली व्ही-८ इंजिने आणली. १९५१ मध्ये क्रायस्लरचे ३३१ घनइंचांचे, १८० अश्वशक्तीचे, अर्धगोलाकार कक्षाचे ‘हेमी’ आले. ड्रॅग शर्यतीच्या सर्वांत वेगवान गाड्या पुढे हेमीवरच धावल्या. घरगुती कारागिराच्या हाती मात्र आले १९५५ चे शेव्हरोले स्मॉल ब्लॉक. सुरुवातीला ते २६५ घनइंचांचे होते. त्याचे डावे आणि उजवे हेड एकच, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे पुढच्या कित्येक वर्षांत इंजिन मोठे होत गेले तरी हेडच्या बोल्टांची मांडणी बदलली नाही. त्यामुळे एका गाडीच्या भंगारातले हेड दुसऱ्या, जुन्या ब्लॉकवर सहज बसे. पहिल्या हेडमधला इनलेट व्हॉल्व्ह १.७२ इंचांचा होता. १९६४ च्या ताकदवान ३२७ घनइंची इंजिनात तो २.०२ इंचांचा झाला. अशी मोठ्या व्हॉल्व्हची हेडे भंगारातून हुडकून काढण्यासाठी हेडवरचे ओतकामाचे आकडे पाठ असणे हे त्या काळी कारागिराचे पहिले भांडवल होते.

बिडाच्या हेडवरचे काम ठरलेल्या क्रमाने चाले आणि आजही चालते. आधी हेड धुऊन चिरा तपासायच्या, कारण चिरलेल्या हेडवरची मेहनत वाया जाते. मग कार्बाइडच्या बरने व्हॉल्व्हच्या सीटखालचा, म्हणजे व्हॉल्व्ह जिथे टेकतो त्या कडेखालचा, भाग घासायचा. कारखान्यात सीट कापताना तिथे एक तीक्ष्ण कडा राहते आणि सर्वांत कमी कष्टात सर्वांत जास्त फायदा ती कडा काढण्यात असतो. त्याच्या खाली वाट वळते. नदीच्या वळणावर पाणी जसे बाहेरच्या काठाकडे लोटले जाते, तशी वेगातली हवा आतल्या लहान वळणाला चिकटून राहत नाही. ते वळण जितके हलक्या हाताने गोलावले जाईल तितकी ती चिकटून राहते. अनेक हेडे याच जागी बिघडतात. घासणारा हात नकळत त्या वळणाला खाली दाबतो, वळण तीव्र होते आणि वाट मोठी होऊनही हवा कमी जाते. त्यापलीकडे पाण्याचे जॅकेट असते. बिडाची भिंत कुठे पातळ आहे हे बाहेरून दिसत नाही आणि भिंत फुटली की हेड गेले. इनलेटची वाट आरशासारखी चकचकीत करणे हा नवख्यांचा आवडता गैरसमज आहे : तशा भिंतीवर पेट्रोलचे थेंब जमून ओघळतात, थोड्या खरखरीत भिंतीवर ते हवेत मिसळलेले राहते. एक्झॉस्टची वाट चकचकीत केली तर चालते. तिथे काजळी कमी धरते.

त्यानंतर व्हॉल्व्हची सीट ३०, ४५ आणि ६० अंशांच्या तीन कोनांत कापायची. मधल्या ४५ अंशांच्या अरुंद पट्टीवर व्हॉल्व्ह टेकतो आणि बाकीचे दोन कोन हवेला वळायला मदत करतात. हे काम बहुतेकदा मशीन शॉपकडे जाई, कारण तिथे चूक हजारांश इंचात मोजली जाते. दहनकक्षाचे माप मात्र घरीच घेता येते. हेड उलटे करून व्हॉल्व्ह आणि प्लग बसवायचे, वर छिद्र पाडलेली पारदर्शक प्लास्टिकची पाटी ग्रीस लावून ठेवायची आणि ब्युरेटमधून रंगीत द्रव सोडत सीसी, म्हणजे घनसेंटीमीटर, मोजायचे. ३५० घनइंची शेव्हरोलेच्या एका सिलिंडरचे आकारमान सुमारे ७१७ सीसी असते. गॅस्केट आणि पिस्टनवरची जागा १५ सीसी धरली, तर ७६ सीसीच्या कक्षाने कॉम्प्रेशन सुमारे ८.९ येते आणि ६४ सीसीच्या कक्षाने सुमारे १०.१. या फरकाचा काही भाग हेडची फेसिंग करून, म्हणजे त्याची खालची बाजू यंत्रावर कापून, मिळवता येतो, पण व्ही इंजिनात हेड खाली आले की इनलेट मॅनिफोल्डची भोके जुळेनाशी होतात आणि मॅनिफोल्डही कापावा लागतो.

मोठी वाट म्हणजे चांगली वाट, असा समज बराच काळ रूढ होता. तो फ्लो बेंचने मोडला. हेडमधून ठराविक दाबाने हवा ओढायची आणि व्हॉल्व्ह थोडा-थोडा उघडत मिनिटाला किती घनफूट हवा जाते ते मोजायचे, हे तंत्र इंग्लंडमध्ये हॅरी वेस्लेक यांनी फार आधी वापरले होते. बेंटलीच्या आणि पुढे जॅग्वारच्या हेडांवर त्यांचे काम आहे. अमेरिकेत काही कारागिरांनी व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटारी जोडून घरीच असे यंत्र उभे केले आणि १९७० च्या दशकात सुपरफ्लोसारख्या कंपन्यांनी ते तयार विकायला सुरुवात केली. पाण्याच्या स्तंभाचा २८ इंच दाब हे तुलनेचे रूढ माप ठरले. मोजल्यावर कळले की बेसुमार मोठ्या केलेल्या वाटेत हवेचा वेग पडतो आणि सिलिंडर पुरते भरत नाही. कित्येकदा वाटेचा तळ भरून छत उचललेलेच जास्त फायद्याचे असते. या इतिहासातला सर्वांत मोठा टप्पा हाच मानावा लागतो. हाताच्या अंदाजाला इथे आकड्याची कसोटी मिळाली आणि गॅरेजमधला माणूस कारखान्यातल्या अभियंत्याशी त्याच भाषेत बोलू लागला.

एनएचआरएने १९७० मध्ये प्रो स्टॉक हा वर्ग सुरू केला, तेव्हा हा बदल सर्वांना दिसला. पेनसिल्व्हेनियाचे बिल जेन्किन्स यांनी १९७२ मध्ये छोट्या व्हेगा गाडीत स्मॉल ब्लॉक बसवून मोठ्या इंजिनांच्या गाड्यांना हरवले. १९७६ मध्ये त्यांनी आपली पद्धत पुस्तकरूपाने मांडली. ज्ञान उघड करण्याचे हे औदार्य मोलाचे होते, कारण तोवर चांगला पोर्टर, म्हणजे पोर्टिंग करणारा कारागीर, आपल्या वाटांचे आकार जपून ठेवत असे. प्रो स्टॉकच्या उलट, स्टॉक वर्गाच्या नियमांत हवेच्या वाटा घासायला मनाई होती. तपासनीस कक्षाचे सीसी मोजत, आणि सगळी हुशारी नियमाच्या मर्यादेत व्हॉल्व्हची सीट अचूक कापण्यात लागे.

१९७१ पासून प्रदूषणाच्या नियमांमुळे कारखान्यांनी कॉम्प्रेशन उतरवले. १९७० च्या दशकाच्या मध्यापासून उत्प्रेरक उपकरणांसाठी शिसेविरहित पेट्रोल आले आणि जुन्या बिडाच्या सीट झिजू लागल्या. त्यात कठीण धातूच्या रिंगा बसवण्याचे काम हेडच्या कामात कायमचे जमा झाले. भंगारातली जुनी चांगली हेडे कमी होत गेली, तसे ब्रॉडिक्स, डार्ट, एअर फ्लो रिसर्च यांच्यासारखे उत्पादक नवी हेडे ओतू लागले. पुढे सीएनसी, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर चालणारी, यंत्रे आली आणि उत्तम पोर्टरने हाताने घडवलेली एक वाट मोजून हजारो हेडांत हुबेहूब कापता येऊ लागली.

तरीही घरगुती काम थांबले नाही. १९९६ मध्ये शेव्हरोलेने ट्रकच्या ५.७ लिटर इंजिनासाठी ‘व्होर्टेक’ नावाची ६४ सीसीची बिडाची हेडे आणली. स्वस्त असूनही हवा सोडण्यात ती आधीच्या कित्येक शर्यतीच्या हेडांच्या तोडीची निघाली. त्यांची अडचण म्हणजे जास्त उचल देणारा कॅमशाफ्ट लावला की स्प्रिंगचा रिटेनर व्हॉल्व्ह गाइडवर आपटतो. म्हणून गाइडचा माथा कापून घ्यावा लागतो. १९९७ च्या एलएस इंजिनांच्या मालिकेत व्हॉल्व्हचा कलच स्मॉल ब्लॉकच्या २३ अंशांवरून १५ अंशांवर आला आणि वाट सरळ झाली. जे आधी ग्राइंडरने मिळवावे लागे, त्यातले बरेचसे आता ओतकामातच येते. घरच्या बाकावर सीटखालची कडा मिटवणे, कक्षांचे सीसी एकसारखे करणे, गॅस्केटशी तोंडे जुळवणे आणि स्प्रिंगची उंची तपासणे एवढे उरते. विकत आणलेले सीएनसी हेडही बोल्ट करण्याआधी जाणकार बांधणारा एकदा खोलून मोजून घेतो.