तीस काचांचं एक चित्र

गेल्या पावसाळ्यात आमच्या हौशी छायाचित्रकारांच्या मंडळात एक गमतीची स्पर्धा झाली. सगळ्या सभासदांना एकच फोटो दिला. उन्हाळ्यात भर दुपारी काढलेला. नदीवरचा जुना दगडी पूल, त्यावरून चाललेले दोन सायकलवाले आणि वर पांढरंफटक आभाळ. ज्यानं त्यानं संगणकावर आपल्या मनाप्रमाणे त्यावर काम करायचं आणि महिन्याच्या बैठकीत ते दाखवायचं. बक्षीस वगैरे काही नाही. वयानं मोठा म्हणून प्रत्येक चित्राबद्दल चार शब्द बोलायचं काम माझ्याकडे आलं. एका सभासदानं पुलावर सूर्यास्ताचं लालभडक आभाळ आणून बसवलं होतं. सायकलवाल्यांच्या सावल्या मात्र त्यांच्या चाकांखालीच गोळा झालेल्या, म्हणजे दुपारच्या. मी म्हणालो, "हा फोटो नाही, ही फसवणूक आहे." लोक हसले. खोटं कशाला सांगू, मलाही बरं वाटलं. ते गृहस्थ पुढच्या बैठकीला आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाहीत.

मला रुखरुख लागून राहिली. घरी छायाचित्रकलेच्या इतिहासाची दोन-चार पुस्तकं आहेत, ती काढून बसलो. तेव्हा ध्यानात आलं, की मी उच्चारलेलं वाक्य माझं नव्हतंच. ते दीडशे वर्षांहून जुनं आहे आणि त्यानं याआधीही एका माणसाला घरी बसवलं आहे.

आभाळ पांढरं येतं ही तक्रार छायाचित्रकलेच्या बालपणापासूनची. १८५१ साली ओल्या कोलोडियनची पद्धत आली. काचेवर चिकट द्रव ओतायचा, ती काच चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची, ओली आहे तोवर कॅमेऱ्यात घालून फोटो घ्यायचा आणि लगेच अंधाऱ्या खोलीत जाऊन धुवायचा. सगळा खेळ दहा-पंधरा मिनिटांचा. या काचेला निळा उजेड चटकन लागायचा. हिरवा आणि तांबडा जवळजवळ लागायचाच नाही. झाडं नीट यावीत म्हणून जास्त वेळ दिला, की निळं आभाळ निगेटिव्हवर काळंकुट्ट आणि कागदावर कोरं. फ्रान्समधल्या गुस्ताव्ह ल ग्रे यानं यावर तोड काढली. १८५६-५७च्या सुमारास त्यानं समुद्राची जी दृश्यं केली, त्यातल्या काहींत लाटा एका काचेवरच्या आणि ढग दुसऱ्या काचेवरचे होते. आवडलेले ढग त्यानं एकाहून अधिक चित्रांत वापरले. लोकांनी तोंडभरून कौतुक केलं. ढगच ते, कुणाचं काय बिघडणार!

बिघडलं ते माणसं जोडायला लागल्यावर.

ऑस्कर गुस्ताव्ह रेलँडर हा मूळचा स्वीडनचा. इंग्लंडात वुल्व्हरहॅम्प्टन गावी त्याचा स्टुडिओ होता. आधी चित्रकार, मग छायाचित्रकार. १८५७ साली मँचेस्टरला कलावस्तूंचं भव्य प्रदर्शन भरलं, त्यासाठी त्यानं 'जीवनाचे दोन मार्ग' अशा अर्थाच्या नावाचं एक चित्र केलं. मधोमध एक वृद्ध ऋषितुल्य माणूस दोन तरुणांना संसारात घेऊन येतो आहे. एक तरुण उजवीकडे वळतो. तिकडे कष्ट, विद्या, सेवा, प्रार्थना. दुसरा डावीकडे ओढला जातो. तिकडे जुगार, मद्य आणि विवस्त्र स्त्रिया. राफाएलच्या भित्तिचित्रासारखी प्रशस्त मांडणी आणि रुंदी अडीच फुटांहून जास्त.

एवढा मोठा जमाव एका वेळी टिपणं त्या काळच्या भिंगाला आणि काचेला शक्यच नव्हतं. रेलँडरनं माणसं एकेकटी, दोन-दोन अशी वेगवेगळी घेतली. सुमारे तीस निगेटिव्ह झाल्या. मग कागदावर एक काच ठेवायची, तिचा हवा तेवढा भाग उघडा सोडून बाकीचं काळ्या कापडानं झाकायचं आणि उन्हात छापायचं. ती काच काढून दुसरी अचूक जागी लावायची, पहिला भाग झाकायचा, पुन्हा ऊन. असं तीस वेळा. त्यातही दूरची माणसं लहान आणि जवळची मोठी दिसली पाहिजेत, सगळ्यांवर उजेड एकाच बाजूनं पडला पाहिजे, म्हणजे काढतानाच हिशेब करून काढायचं. एवढा मोठा कागद मिळत नव्हता, म्हणून दोन कागद जोडले. हे सगळं सहा आठवड्यांत उरकलं असं सांगतात. माझ्या हाताखाली संगणक आहे, तरी पाच माणसांचं एक चित्र मला महिन्यात जमलेलं नाही.

राणी व्हिक्टोरियानं या चित्राची एक प्रत दहा गिनींना विकत घेतली आणि नवऱ्याला, प्रिन्स आल्बर्टना भेट दिली. पण स्कॉटलंडच्या फोटोग्राफिक सोसायटीनं आधी ते चित्र लावायलाच नकार दिला. पुढे लावलं, तेव्हा 'वाईट मार्गा'चा अर्धा भाग पडद्यानं झाकून लावलं. म्हणजे दोन मार्गांतला एकच शिल्लक! हरकत दुहेरी होती. रंगानं काढलेली विवस्त्र बाई चालते, पण कॅमेऱ्यासमोर ती कुणीतरी खरीखुरी बाई उभी होती, हे कसं चालेल? हा पहिला मुद्दा. थॉमस सटन या वजनदार संपादकानं १८६३ साली, चित्राला सहा वर्षं झाल्यावरसुद्धा, तो जाहीर भाषणात उगाळला. दुसरा मुद्दा आमच्या बैठकीतला: तुकडे जोडून केलेलं ते छायाचित्र कसलं?

रेलँडरनं काही लपवलं नव्हतं. १८५८ साली लंडनच्या सोसायटीपुढे निबंध वाचून त्यानं सगळी कृती स्वतःच सांगितली. चित्रकारांना छायाचित्राचा केवढा उपयोग होऊ शकतो हे मला दाखवायचं होतं, असंही सांगितलं. त्यावर खरं तर केवढं बोलता आलं असतं. डावीकडची माणसं जास्त जिवंत आहेत, उजवीकडची पुण्यवान मंडळी लाकडी वाटतात, असं कुणीही म्हणू शकलं असतं, आणि मला विचाराल तर ते खरं आहे. मधल्या म्हाताऱ्यानं दोन्हीकडची गर्दी एकत्र बांधली आहे की नाही, यावर वाद झाला असता. पण तेव्हाचा जो गाजलेला वाद आज वाचायला मिळतो, तो मुख्यतः परवानगीचा आहे: हे करणं रास्त की नाही. रेलँडर वैतागला. १८५९ साली त्यानं आपला मित्र हेन्री पीच रॉबिन्सन याला पत्रात कळवलं, की लोकांसाठी असली जोडचित्रं करण्याचा मला कंटाळा आला आहे. त्यात पैसा नाही, मान नाही, नुसती खुसपटं आणि विपर्यास. त्यानंतर तेवढ्या आवाक्याचं चित्र त्यानं पुन्हा केलं नाही. डार्विनच्या १८७२च्या भावभावनांवरील ग्रंथात रडक्या बाळाचं एक चित्र आहे, ते रेलँडरचं. त्याच्या प्रती धडाक्यानं खपल्या. गंमत अशी, की तेही थेट छायाचित्र नव्हे. छायाचित्रावरून खडूनं काढलेल्या चित्राचा तो फोटो आहे. १८७५ साली रेलँडर गरिबीतच वारला. त्याआधी चार वर्षांच्या सुमारास त्यानं स्वतःचीच दोन रूपं जोडून एक चित्र केलं होतं. त्यात चित्रकार रेलँडर स्वयंसेवक शिपाई रेलँडरची आपल्याशी ओळख करून देतो आहे. हात अजून शाबूत होता.

रॉबिन्सन मात्र कातडीनं जाड. १८५८मध्ये त्यानं पाच निगेटिव्ह जोडून मरणपंथाला लागलेल्या मुलीचं चित्र केलं. इतकं दुःख छायाचित्रात दाखवणं निर्लज्जपणाचं आहे असा ओरडा झाला. वास्तविक ती मुलगी चांगली ठणठणीत होती! आल्बर्टनी प्रत घेतली आणि रॉबिन्सन पुढची तीस-चाळीस वर्षं चित्रं करत, पुस्तकं लिहीत आणि भांडत राहिला. प्रत्येकाला ते जमत नाही.

आता मुंबईत येऊ या, कारण याच सुमारास आपल्याकडेही तुकडे जोडले जात होते. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली स्थापन झाली, लंडनच्या सोसायटीनंतर जेमतेम वर्षाभरात. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे दोघेही तिचे सभासद होते; नारायण दाजी तर स्वतः उत्तम छायाचित्रकार. या सोसायटीच्या पहिल्या सभासदांतला विल्यम जॉन्सन यानं मुंबईतल्या जातीजमातींच्या छायाचित्रांचे दोन खंड १८६३ आणि १८६६ साली प्रसिद्ध केले. त्यातल्या कित्येक चित्रांत माणसं एका ठिकाणी उभी करून टिपली आहेत आणि त्यांच्यामागचा देखावा दुसऱ्याच निगेटिव्हवरून आणलेला आहे. काही ठिकाणी सांधा सहज दिसतो. माणसं जमिनीवर उभी नसून तिच्यापुढे टांगल्यासारखी वाटतात. मला विचाराल तर 'हे खरं आहे का' हा प्रश्न विचारायला हवा तो इथं. रेलँडर दृष्टान्त सांगत होता, आणि दृष्टान्तातला म्हातारा खराच तिथं होता का, असं कुणी विचारत नाही. जॉन्सनचं पुस्तक मात्र 'मुंबईचे लोक असे असतात' म्हणून वाचकाच्या हाती दिलं जात होतं. वर्तमानपत्रातला फोटो आणि हौशी मंडळातला फोटो यांत आपण आज जो फरक करतो, तो हाच.

असो. खुसपटं म्हणजे काय ते पाहिलं. आता अभिप्राय म्हणजे काय ते पाहू. ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन या बाई १८१५ साली कोलकात्यात जन्मल्या. वयाच्या ४८व्या वर्षी, १८६३च्या डिसेंबरात, मुलीनं आणि जावयानं त्यांना कॅमेरा भेट दिला, तोवर त्यांनी फोटो काढले नव्हते. त्यांची चित्रं धूसर. काचेवर बोटांचे ठसे, ओरखडे. काही ओरखडे तर त्यांनी मुद्दाम ओढलेले. सोसायटीच्या नियतकालिकानं लिहिलं, की बाईंचं धाडस मान्य, पण छायाचित्राचे बाकीचे सगळे गुण त्यासाठी बळी दिले आहेत. बाईंनी पुढे आठवणींत लिहून ठेवलं, की ही टीका इतकी उघड अन्यायाची होती, की मी तिच्याकडे लक्षच दिलं नाही. त्या लक्ष देत होत्या दुसऱ्यांकडे. जी. एफ. वॉट्स हे चित्रकार त्यांचे स्नेही. बाई त्यांना चित्रं पाठवत, आणि वॉट्स कुठं काय जमलं, कुठं काय सुधारता येईल ते पत्रांतून कळवत. १८६९च्या एका चित्राखाली वॉट्सनी 'निव्वळ दिव्य' अशा अर्थाचे दोन शब्द लिहून सही केली, तर बाईंनी त्या अक्षरांचा छाप करून पुठ्ठ्यावरच उमटवून घेतला! पण दोन शब्दांची ती शाबासकी मिळण्याआधी कितीतरी पत्रं गेली होती, हे विसरायला नको.

असा वॉट्स सगळ्यांना कुठून मिळणार? त्यावर इंग्लंडातल्या हौशी लोकांनी १८८०च्या दशकापासून एक झकास सोय केली, ती म्हणजे टपालानं फिरणारी पेटी. मंडळातला प्रत्येक सभासद आपलं एक चित्र त्यात घालतो. पेटी घरोघर फिरते. ती आली, की इतरांच्या प्रत्येक चित्रावर आपण चार ओळी लिहायच्या, आपल्या मागच्या चित्रावर लोकांनी काय लिहिलं ते वाचायचं, ते चित्र काढून घ्यायचं, नवं घालायचं आणि पेटी पुढच्या पत्त्यावर रवाना करायची. या रिवाजातली मेख अशी, की लिहिणाऱ्याचं स्वतःचंही चित्र त्याच पेटीत असतं. दुसऱ्याला 'फसवणूक' म्हणायचं, तर महिन्याभरानं पेटी परत येणार हे ठाऊक असतं. शिवाय लिहायला जागा चार ओळींची. त्यात नुसतं 'छान' लिहिलं तर पुढचा वाचून हसतो, आणि नुसतं 'वाईट' लिहिलं तर जागा उरते.

पुढचा इतिहास थोडक्यात. १९९०मध्ये थॉमस आणि जॉन नोल या भावांचं फोटोशॉप बाजारात आलं. १९९४च्या आवृत्तीत एकावर एक थर ठेवायची सोय झाली. रेलँडरच्या काचा आणि काळं कापड यांचंच ते काम, फक्त ऊन लागत नाही.

तर आमच्या त्या सभासदांना मी अखेर फोन केला. आधी इकडचं तिकडचं बोललो. मग म्हणालो, "तुमच्या आभाळाबद्दल मी जे बोललो ते चुकलंच. आभाळ चांगलं होतं हो. घोळ सावल्यांचा होता." पलीकडं जरा वेळ शांतता. मग ते म्हणाले, "सर, सावल्यांकडं माझं लक्षच गेलं नाही. पण त्या लांब करायच्या म्हणजे कुठल्या बाजूला करायच्या?"

दिवाळीनंतरच्या बैठकीला ते आले, तोच पूल पुन्हा घेऊन. या वेळी माझंही चित्र भिंतीवर होतं. त्यांच्या सायकलवाल्यांच्या सावल्या आता पुलाच्या कठड्यापर्यंत पोचल्या होत्या. उजवीकडच्याची अगदी बरोबर होती. डावीकडच्याची कठड्यावर चढताना मोडायला हवी होती, ती सरळच गेली होती, ते त्यांना दाखवलं. मग ते माझ्या चित्रासमोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "सर, तुम्ही पाण्यातलं प्रतिबिंब बदलायला विसरलात."