मनाच्या दुखण्याची चिठी

भंडारा जिल्ह्याच्या धानपट्टींत, मोहाडीसारख्या गांवीं, कोणाचें मन बिघडलें तर घरच्यांना ठाऊक असलेली वाट नागपूरच्या मनोरुग्णालयाची. आणि तीहि वेड लागल्यावर धरावयाची. परंतु ज्याला वेड लागलेलें नाहीं, केवळ झोंप उडाली आहे, कशांतच मन लागत नाहीं, त्यानें कोठें जावें? तो जवळच्या दवाखान्यांत जातो, अंग दुखतें म्हणून सांगतो आणि शक्तीचें औषध घेऊन परत येतो. नैराश्याचा आजार असा डॉक्टरांच्या समोर बसूनहि अनोळखीच राहतो.

हा दुखणाईत साध्या दवाखान्यांतच ओळखावा व तेथेंच बरा करावा, हा विचार चंदीगडजवळ रायपूर राणी येथें डॉ. नरेंद्रनाथ विग व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९७५ पासून आचरणांत आणावयास घेतला. १९८२ सालीं राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रमानें त्यास सरकारी मान्यता दिली. तथापि शेंकडों रोगी तपासणाऱ्या एकट्या डॉक्टरास हें ओझें पेलेल काय?

या प्रश्नाची खरी कसोटी गोव्यांत लागली. तेथील ‘संगाथ’ या संस्थेनें, डॉ. विक्रम पटेल प्रभृतींच्या नेतृत्वाखालीं, १२ सरकारी आरोग्यकेंद्रें व १२ खाजगी दवाखाने घेऊन ‘मानस’ नांवाचा प्रयोग केला. येणाऱ्या प्रौढ रोग्यास मदतनीसानें १२ प्रश्न विचारावयाचे आणि उत्तरांवरून संशय आल्यास तशी चिठी डॉक्टरांकडे जावयाची. लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, तुलनेसाठीं ठेवलेल्या निम्म्या ठिकाणींहि ही चिठी डॉक्टरांच्या हातीं पडतच होती. उपचारांची पुस्तिकाहि दिलेली होती. उरलेल्या निम्म्यांत भर होती ती माणसांची. दोन महिन्यांचें शिक्षण घेतलेली, वैद्यकाची पदवी नसलेली समुपदेशिका रोग्याशीं बोले, आजार समजावून सांगे, औषध मध्येंच सुटूं नये म्हणून पाठपुरावा करी. औषध डॉक्टरांनीं लिहावयाचें. अवघड रोग्यासाठीं मनोविकारतज्ज्ञाचा सल्ला.

२०१० सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनीं नुसत्या चिठीच्या ठिकाणीं शेंकडा ४२·५ रोगी बरे झाले होते, माणसांच्या जोडीनें ६५·९. खाजगी दवाखान्यांत मात्र असा फरक पडला नाहीं. दोन्हींकडे सुमारें ६५ च. हें दुसरें फळ प्रयोगकर्त्यांनीं झांकून ठेविलें नाहीं, हें विशेष. ओळखीच्या डॉक्टरास रोग्याचें घरदार ठाऊक असतें, तो दोन शब्द बोलतो. समुपदेशिकेचें काम तेथें बहुधा आधींच होत असावें. सरकारी केंद्राच्या रांगेंत तेवढा वेळ कोणापाशीं असणार?

गोव्याची ही रीत विदर्भांतहि आली, पण तेथें ती दवाखान्याच्या दारापाशीं थांबली नाहीं. अमरावती जिल्ह्यांतील ३० गांवांत ‘विश्राम’ या कार्यक्रमाच्या कार्यकर्त्यांनीं गांवोगांव लोकांशीं बोलून आजार समजावला व दुखणाइतांना उपचारांपर्यंत पोंचविलें. २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या हिशेबाप्रमाणें, नैराश्य असलेल्यांपैकीं उपचार मागणारे आरंभीं शेंकडा ४·३ होते, ते दीड वर्षांत २७·२ झाले. उरलेले ७२·८ तरीहि कोणाकडेंच गेले नव्हते.