आम्लीकरणाची प्रतिमाने आणि खानदेशची काळी जमीन

स्कँडिनेव्हियातील सरोवरे आम्लवर्षावाने मत्स्यहीन होऊ लागल्यावर आम्लीकरणाची संगणकीय प्रतिमाने जन्मास आली. त्यांपैकी १९८५ सालचे 'मॅजिक' खनिजांच्या झिजेचा वेग ठराविक धरते. १९८९ सालचे 'स्मार्ट' मात्र मातीतील चुनखडीच्या विरघळण्याचा हिशेब स्वतंत्रपणे ठेवते. ग्रॅनाइटच्या प्रदेशात हा भेद गौण ठरला, तरी खानदेशात तोच निर्णायक होय. जळगाव-धुळ्याकडील तापीखोऱ्याची काळी जमीन बेसाल्टजन्य व चुनखडीयुक्त आहे. भुसावळनजीकच्या दीपनगर औष्णिक केंद्राच्या धुरातून उद्भवणारे गंधकाम्ल अशा जमिनीत उतरले, तर प्रथम चुन्याशी संयोग पावून निष्प्रभ होते. सारांश, येथील शेतीस आम्लतेपेक्षा ओलिताखाली साचणाऱ्या क्षारांचेच भय अधिक आहे. उत्तर युरोपातील प्रतिमाने उसनी घेताना हे विसरल्यास निदानाबरोबर उपायही चुकावयाचा.