युद्धानंतरची सुई

पारोळ्याच्या किल्ल्याचा विषय निघाला की झाशीच्या राणीच्या सासरचं, नेवाळकरांचं नाव येतंच. लढायांचा इतिहास आपण लढणाऱ्यांच्या नावाने सांगतो. लढाईनंतर घरात उरलेल्या बायकांना रात्री झोप लागत होती का, हे कोणी लिहून ठेवत नाही. वैद्यकशास्त्रानेही त्यांच्याकडे फार उशिरा पाहिलं.

पहिल्या महायुद्धात (१९१४-१८) तोफांच्या भडिमाराने अनेक सैनिक आतून हादरले. हात थरथरायचे, झोपेतून दचकून उठायचे, काहींची वाचाच गेली. अशा जवानांना इस्पितळात विणकाम, भरतकाम दिलं जाऊ लागलं. १९१८ साली ब्रिटनमध्ये अपंग सैनिकांसाठी भरतकामाचा उद्योगच उभा राहिला. हाताच्या कामातून बरं करण्याच्या या शाखेला ऑक्युपेशनल थेरपी म्हणतात. आपल्याकडे तिचं पहिलं विद्यालय १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात निघालं, जन्माने अमेरिकन असलेल्या कमलाबाई निंबकरांमुळे.

आता गंमत बघा. सैनिकाने सुई धरली तर तो उपचार. आपली आजी गोधडी शिवायची, ते मात्र घरकाम!

१९७१ च्या युद्धात बांगलादेशातल्या असंख्य स्त्रियांवर बलात्कार झाले. १९७२ मध्ये सरकारने त्यांच्यासाठी पुनर्वसन मंडळ नेमलं आणि शिवणकामासारखे उद्योग शिकवले. तिथली कांथा म्हणजे आपल्या गोधडीची सख्खी बहीण: जुन्या साड्यांचे थर, त्यावर धावदोरा. शिवणामुळे काहींना चार पैसे मिळाले. पण कित्येकींना घरच्यांनीच परत घेतलं नाही, आणि ती जखम कुठल्याही टाक्याने शिवली जाणारी नव्हती. हे लपवून नुसतं कलेचं कौतुक करणं मला पटत नाही.

मग सुईने नेमकं काय होतं? मोठ्या धक्क्यानंतर मेंदू सतत धोका शोधत राहतो. एकसारखे टाके घालताना लक्ष हातावर येतं, श्वास संथ होतो. रोज वीतभर काम पुरं झालेलं दिसतं. शिवाय चौघीजणी एका गोधडीभोवती बसल्या की कोणी कोणाच्या डोळ्यांत बघत नाही, नजर कापडावर असते. न बोललेलं तेव्हा बोललं जातं. माझ्या मते खरं औषध बरंचसं इथेच आहे.

म्हणून घरातली बाई एखाद्या मृत्यूनंतर, अपघातानंतर किंवा मारहाणीनंतर शिवायला बसली, तर ‘आता बाजारात ब्लँकेट मिळतं की’ म्हणून तिला उठवू नका. मात्र महिना उलटूनही तेच प्रसंग डोळ्यांसमोर येत असतील, झोप उडाली असेल, तर डॉक्टरांना दाखवा. मरणाचे विचार येत असतील तर एक दिवसही थांबू नका आणि तिला एकटं सोडू नका. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं.