तिसरी घंटा आणि शेवटची विरार

आधी मोबाइल बाजूला ठेवा. जिथं चाललोय तिथं त्याचा उपयोग नाही, आणि ठेवायला जागाही नाही. तुमच्या टेरिकॉटच्या पॅन्टच्या खिशात आत्ता तीन महिन्यांचा कन्सेशनचा पास आहे, एक कंगवा आहे आणि वडापाव घेतला तर चहा घेता येणार नाही एवढी चिल्लर आहे. कंगवा सांभाळा, पुढं लागणार आहे. वय सतरा. साल १९८८, महिना जानेवारी, मुक्काम भाईंदर पूर्व. तुम्ही बारावी सायन्सला आहात आणि तुम्हाला नाटकाचं वेड लागलंय. पहिली गोष्ट सगळ्या इमारतीला माहीत आहे, दुसरी किती खोल गेलीय हे घरातही नाही.

तुम्ही बाई असलात तरी आजच्यापुरते मुलगा व्हा. मुलगी असतात तर ही गोष्ट सातच्या आत घरात येऊन संपली असती.

आणि एक नियम. पुढच्या काळातलं काही बोलायचं नाही. जीभ सळसळेल, पण आवरा.

पहाटेचे साडेचार. खाली हंड्या-बादल्यांचा खणखणाट सुरू झालाय. पाणी आलंय, म्हणजे येणार आहे असं कुणीतरी म्हणालंय, आणि तेवढ्यावर तिन्ही मजल्यांची रांग लागलीय. नगरपरिषद होऊन जेमतेम तीन वर्षं होतायत. इमारती भराभर उभ्या राहिल्या, पाणी मागून येतंय, बहुतेक वेळा टँकरनं. तुम्ही उठून हंड्याला हात घालता तर आई हातावर चापट मारते. "तू बस अभ्यासाला." तीन मजले ती स्वतः चढते. तिच्या धापेचा आवाज तुम्हाला दारातून ऐकू येतो आणि समोरचं ऑरगॅनिक केमिस्ट्रीचं पान धूसर होतं. या घरात तुमच्यावर कुणी ओरडत नाही. ओरडले असते तर भांडता तरी आलं असतं.

आता नाकानं घर ओळखा. कासव छापचा धूर, कारण खाडीचे डास त्याला घाबरत नसले तरी आपलं समाधान. रॉकेलचा भपका, कारण गॅसला नंबर लावलाय आणि तो लागायचाय. खिडकी उघडली की वारा ज्या बाजूचा, त्या बाजूचा वास. पश्चिमेचा असेल तर उत्तनला काठ्यांवर वाळत घातलेले बोंबील. पूर्वेचा असेल तर स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यांमधला जळका, तेलकट वास, आणि त्याबरोबर पॉलिशच्या मशीनचा दात शिवशिवतील असा आवाज. त्या गाळ्यांतून पोरं काळीठिक्कर होऊन बाहेर पडतात आणि ताटं चकचकीत होऊन. आई ती पोरं दाखवून काही बोलत नाही. नुसती बघते, मग तुमच्याकडे बघते.

भिंतीवर कालनिर्णय आहे. मागच्या बाजूला दुधाचा हिशोब, पुढच्या बाजूला मार्च महिन्यावर बाबांनी लाल पेनानं केलेलं वर्तुळ. पानं उलटायच्या आधीच करून ठेवलंय. परळची दहा बाय दहाची खोली विकून बाबांनी इथं वन रूम किचन घेतलं, ते 'पोराला अभ्यासाला वेगळी खोली हवी' म्हणून. वेगळी खोली म्हणजे तुम्ही वाचत असता तेव्हा बाकीचे तिघं स्वयंपाकघरात बसतात आणि कुजबुजत जेवतात.

रविवारी डोंबिवलीचे मामा येतात. "नाटक करायला कोण नको म्हणतंय?" हे ते दर खेपेला म्हणतात, कारण तुम्ही शाळेच्या गॅदरिंगला बक्षीस मिळवलं होतं हे त्यांच्या लक्षात आहे. "आधी डॉक्टर हो. लागू डॉक्टर. घाणेकर डॉक्टर. जब्बार पटेल डॉक्टर. आगाशे डॉक्टर." मराठी रंगभूमीचा रस्ता मेडिकल कॉलेजातूनच जातो, अशी मामांची खात्री आहे, आणि यादी बघता त्यांना खोटं तरी कसं पाडायचं? श्रीराम लागूंनी कान-नाक-घशाची चालती प्रॅक्टिस सोडली तेव्हा ते चाळिशीच्या पुढं होते, हे मामा सांगत नाहीत. तुमच्या हिशोबानं एवढं थांबायचं तर आणखी पंचवीस वर्षं झाली.

बाबांची मागणी लहान आहे. "बँकेत चिकट. अशोक सराफ बँकेतच होता." यावर निळू फुले पुण्याच्या मिलिटरी मेडिकल कॉलेजात माळी होते, हे तुमच्या जिभेच्या टोकावर येईल. गिळा. "मग हो माळी," हे उत्तर तयार आहे.

एक गोष्ट मात्र कुणी बोलत नाही आणि सगळ्यांच्या डोक्यात आहे. पाच वर्षांपूर्वी राज्यात खासगी इंजिनियरिंग कॉलेजं निघाली. आधी मार्क कमी पडले की विषय संपायचा. आता मार्क कमी पडले की बाबांचा प्रॉव्हिडंट फंड डोळ्यांपुढं येतो.

चला, स्टेशन गाठा. विरारहून आलेली गाडी खाडीच्या पुलावरून धडधडत येते, तेव्हाच दारांतून बाहेर माणसं लोंबकळत असतात. भाईंदरला चढणं हा गुन्हा आहे, असं आतल्यांचं मत. पाय फूटबोर्डवर, एक हात दांड्याला, दुसरा कुणाच्या तरी बॅगेखाली अडकलेला. लोटालोटीत आत जा. घाम, खोबरेल तेल, वसईच्या फुलांच्या पाट्या, कुणाच्या तरी डब्यातलं सुकटीचं कालवण. वर पंखा बंद आहे. आता काढा तो कंगवा, जाळीतून आत घाला, पात्याला एक झटका द्या. फिरला! आजूबाजूचे चार जण तुमच्याकडे आदरानं बघतात. भौतिकशास्त्राचा एवढा थेट उपयोग तुम्हाला पुन्हा कधी होणार नाही.

रोजचा डबा आज चुकलाय. टाळ वाजतायत, कुणीतरी मृदंगावर थाप देतंय, आणि वीस-पंचवीस गळे एकदम अभंग उचलतात. कारकून आहेत, फिटर आहेत, पोस्टातले आहेत, एलआयसीतले आहेत. यातला कुणी अठराव्या वर्षी गायक व्हायचं म्हणाला असेल, आणि त्यालाही कुणीतरी वर्तुळ काढलेलं कॅलेंडर दाखवलं असेल. आता त्याला विरार ते चर्चगेट एवढा रंगमंच मिळालाय, तोही खिडकीची जागा मिळाली तर.

चरण संपतो, एकच आवाज वर जातो. भरीव, जरा अनुनासिक, थांबायच्या जागी अचूक थांबणारा. कुणाच्या तरी काखेखालून मान घालून बघा.

बाबा.

डोळे मिटलेत, ऑफिसची बॅग मांडीवर उभी, बोटं तिच्यावर ठेका धरतायत. साडेदहाचं ऑफिस असून ते रोज साडेसातला घराबाहेर का पडतात, हे आत्ता कळलं. रिटर्न जातात. उलटे विरारला जाऊन, जागा पकडून, मंडळात बसून येतात. घरी कधी एक ओळ गुणगुणलेली तुम्ही ऐकलेली नाही. मान मागं घ्या. त्यांनी बघितलं तर दोघांचंही अवघड होईल.

कॉलेजात दिवसभर पिपेट तोंडात धरा, रीडिंगं जुळवा, जर्नल पूर्ण करा. संध्याकाळी पाचनंतर तेच कॉलेज दुसरं होतं. जिमखान्यामागच्या खोलीत तालीम. बिडीचा धूर, कटिंग चहाचे चिकट ग्लास, धुळीनं भरलेल्या लेव्हल्स आणि तीन वर्षं एकाच वर्गात रेंगाळणारा दिग्दर्शक, ज्याला सगळे 'सर' म्हणतात. तुम्ही एकांकिकेतले आजोबा. वाक्यं अकरा, त्यातली चार 'हं' अशी. पण शेवटी मुलाच्या मरणाची बातमी कळल्यावर एक टाहो आहे, आणि त्यासाठी तुम्ही बारावी पणाला लावलीय. मोठ्यांची मुंबई इथून जवळ आहे. शिवाजी मंदिर आहे, छबिलदास शाळेत 'आविष्कार'वाले शंभरेक माणसांपुढं नाटकाला नवीन वळण देतायत, आणि तुम्ही दारात उभं राहून हे सगळं बघता. एक डोळा रंगमंचावर, एक घड्याळावर. दादरच्या पोराला नाटक संपल्यावर चर्चा करता येते. भाईंदरच्या पोराला धावावं लागतं. वडिलांच्या नकारापेक्षा वेस्टर्न रेल्वेचं टाइमटेबल कडक आहे, असं माझं प्रामाणिक मत आहे.

टाहोची तालीम घरी करता येत नाही. त्यासाठी रविवारी सकाळी साडेनऊचा मुहूर्त. दूरदर्शनवर रामायण लागलं की तळमजल्यावरच्या एकुलत्या टीव्हीपुढं चपलांचा ढीग पडतो, गल्ली ओस पडते, आणि तुम्ही मिठागराच्या बांधावर. ऊन पाण्यावरून डोळ्यांत घुसतं. ओठ चाटले तर खारट. खाजणातल्या चिखलाचा वास घशाला लागतो. आगरातली माणसं अनवाणी, लांब दांड्याच्या लाकडी फळीनं मीठ ओढतायत. खर्रर, थांबा, खर्रर. त्यांच्या टाचांच्या भेगांत मीठ बसलेलं इथून दिसतं. तुम्ही छाती भरून टाहो फोडता. फळी थांबते. एक म्हातारी कमरेवर हात ठेवून विचारते, "कोन मेला रं पोरा?"

"कुणी नाही, आजी. नाटक आहे."

"मंग येवढा कशाला बोंबलतंस?" आणि फळी पुन्हा सुरू. एवढी चोख समीक्षा तुम्हाला परीक्षकांकडूनही मिळणार नाही. मीरा रोडला पुढं लता मंगेशकरांच्या नावाचं नाट्यगृह होणार आहे, हे तिला सांगावंसं वाटेल. नियम आठवा.

स्पर्धेची रात्र. विंगेत पॅनकेकचा गोडूस वास, नव्या रंगाचे फ्लॅट, कुणाचं तरी पोट बिघडलेलं. केसांना झिंकची पांढरी पूड, कपाळावर पेन्सिलीनं सुरकुत्या. घरी सांगितलंय, 'प्रॅक्टिकल आहे, उशीर होईल.' तिसरी घंटा. पडदा. दिवे इतके तापलेत की भुवयांवरचा रंग ओघळून डोळ्यांत येतोय. अंधारात माणसं दिसत नाहीत, पण त्यांचा खोकला ऐकू येतो, आणि तुमच्या दहाव्या वाक्यानंतर तो थांबतो. चारशे माणसं खोकायची थांबलीत! हे एकदा चाखलं की पीसीएमची बेरीज पुन्हा कधीच पहिल्यासारखी महत्त्वाची वाटत नाही, आणि घरच्यांना नेमकी त्याचीच धास्ती असते.

निकाल ऐकायला थांबू नका. दादर पूल, जिना, शेवटची विरार. गाडी अर्धी रिकामी. बसा. हा तुमचा घात. डोळा लागतो, आणि जाग येते ती पायाखाली लोखंड घुमायला लागल्यावर. पूल! भाईंदर मागं पडलं.

नायगावला उतरा. पलीकडं जाणारी गाडी आता पहाटेशिवाय नाही, आणि पुलावरून चालत जायचा विचारही करू नका. फलाटावर एक दिवा, दोन कुत्री, खाडीवरून येणारा गार वारा. काकडत फिजिक्सची वही उघडा. सकाळी साडेदहाला प्रिलिम आहे. वाचून होणार नाही, म्हणून तुम्हाला इथलंच एक आठवू देतो. याच नायगाव-भाईंदरच्या वस्त्यांतली पोरं पुढं 'व्ही. अनबीटेबल' नावानं नाचतील, एकमेकांना हवेत फेकतील, आणि २०२० साली 'अमेरिकाज गॉट टॅलेंट : द चॅम्पियन्स' जिंकून येतील. आणि त्या नावातला 'व्ही' हा विकास नावाच्या त्यांच्यातल्याच एका मुलाचा असेल, तालमीत पडून जायबंदी झालेल्या आणि मग गेलेल्या. ट्रॉफी आणि तो 'व्ही', दोन्ही एकाच गोष्टीतले आहेत. बाबांची भीती अगदीच पोकळ आहे, असं निदान या फलाटावर बसून तरी म्हणू नका.

पहाटेची पहिली अप. कोळीवाड्यातल्या बायका पाट्या सरकवून तुम्हाला जागा करून देतात, तुमचे पांढरे केस बघून एकमेकींना कोपरं मारतात. पूल. भाईंदर.

फलाटावर माकडटोपी घालून बाबा उभे आहेत. शेवटची गाडी गेल्यापासून उभे असणार, कारण पायाशी विझलेल्या बिड्या आहेत आणि ते बिडी सोडल्याचं दर आषाढीला सांगतात. ते तुमचा कान पकडतात. पिळत नाहीत. कानामागून अंगठा फिरवतात आणि त्यावरची पांढरी पूड दिव्याखाली धरून बघतात.

"प्रॅक्टिकल होतं," तुम्ही म्हणता.

"म्हाताऱ्याचं काम?"

"...हो."

"म्हणून दाखव."

"इथं?"

"मग काय घरी म्हणणार आहेस?"

म्हणा. दुधाचे कॅन उतरवणारा भैया थांबून बघतोय, बघू दे. अकराही वाक्यं म्हणा, चारी 'हं' धरून. टाहो घशातच अडकतो, कारण समोर खरा बाप आहे.

बाबा ऐकून घेतात. "शेवटचा शब्द खातोस," ते म्हणतात. "श्वास आधी घे. आमच्या मंडळात असा शब्द खाल्ला तर टाळ काढून घेतात." मग एकदम ओशाळल्यासारखे होतात. जे कधी बोलायचं नव्हतं ते बोलून गेलेत. टोपी उगाचच खाली ओढतात. "फिजिक्स किती वाजता?"

"साडेदहा."

"मार्चपर्यंत एकही तालीम नाही. कळलं?"

तुम्ही मान हलवता. दोघांनाही माहीत आहे की तो होकार पक्का नाही. आता घरी जाऊन तोंड धुवा, चहा घ्या, आईचं ऐकून घ्या. ती गप्प बसणार नाही, आज तिची पाळी आहे. साडेसातला बाबा रिटर्न विरारला निघतील, जागा पकडायला. त्यांच्याबरोबर निघा. टाळांच्या गोंगाटात का होईना, बसून ऑप्टिक्स वाचता येईल. दाराला लटकून लेन्सचं सूत्र पाठ होत नाही.