गाडीवेड्यांची मासिकं : एका धंद्याचा उदयास्त

जानेवारी १९४८. अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस शहरात नॅशनल गार्डच्या आर्मरीत गाड्यांचं एक प्रदर्शन भरलं होतं. त्यात कारखान्यातून आलेली नवी कोरी गाडी नव्हती. जुन्या फोर्ड गाड्या घ्यायच्या, त्यांचा अनावश्यक पत्रा काढून टाकायचा, इंजिनाची ताकद वाढवायची आणि वाळलेल्या तळ्यांच्या सपाट पात्रात त्या पळवायच्या, असा नाद तिथल्या तरुणांना लागला होता. या गाड्यांना म्हणत ‘हॉट रॉड’. प्रदर्शनाच्या प्रसिद्धीचं काम पाहणारा रॉबर्ट पीटरसन नावाचा विशीतला तरुण आर्मरीच्या पायऱ्यांवर उभा राहून पंचवीस सेंटला एक पातळसं मासिक विकत होता. त्याचंही नाव ‘हॉट रॉड’च. पीटरसन आणि त्याचा भागीदार रॉबर्ट लिंडसे यांनी अवघ्या चारशे डॉलरच्या भांडवलावर ते काढलं, असं सांगितलं जातं.

गाड्यांवरचं नियतकालिक तोवर नवीन राहिलं नव्हतं. इंग्लंडमध्ये ‘ऑटोकार’ १८९५ सालीच सुरू झालं होतं. त्या वेळी इंग्लंडच्या रस्त्यांवर मोटारी जवळजवळ नव्हत्याच. ‘हॉट रॉड’चं वेगळेपण असं, की ते गाडी विकत घेणाऱ्यासाठी नव्हतं, गाडी खोलणाऱ्यासाठी होतं. कोणत्या इंजिनाला कोणता कार्ब्युरेटर बसतो, कॅमशाफ्ट कशी बदलायची, ब्रेक कसे सुधारायचे हे त्यात छायाचित्रांसह, पायरी पायरीनं दिलेलं असे. आयोवातल्या एखाद्या खेड्यातला मुलगा ते वाचून बापाच्या गॅरेजमध्ये कामाला लागे.

त्या काळी रस्त्यावर शर्यती लावणारी ही पोरं पोलिसांच्या आणि वृत्तपत्रांच्या लेखी गुंडच होती. मासिकाचे संपादक वॉली पार्क्स यांनी ही प्रतिमा बदलायचा चंगच बांधला. शर्यत लावायची तर रस्त्यावर नको, बंदिस्त पट्टीवर आणि नियमानं, हा आग्रह त्यांनी धरला. त्यातून १९५१ मध्ये ‘नॅशनल हॉट रॉड असोसिएशन’ उभी राहिली आणि पार्क्स तिचे पहिले अध्यक्ष झाले. एका मासिकानं विखुरलेल्या हुल्लडबाजांचा एक शिस्तशीर खेळ घडवला.

पुढची चाळीस-पन्नास वर्षं या मासिकांच्या भरभराटीची होती. पीटरसननं १९४९ मध्ये ‘मोटर ट्रेंड’ काढलं. ‘रोड अँड ट्रॅक’ त्याआधी दोन वर्षं निघालं होतं. १९५५ मध्ये सुरू झालेलं ‘स्पोर्ट्स कार्स इलस्ट्रेटेड’ १९६१ मध्ये ‘कार अँड ड्रायव्हर’ झालं. मग एकेका गाडीला वाहिलेली मासिकं आली. मस्टँगवाल्यांचं वेगळं, पाँटिॲकवाल्यांचं वेगळं, ट्रकवाल्यांचं वेगळं. सुट्या भागांच्या जाहिरातींनी अंक जाडजूड होत गेले, आणि वाचक त्या जाहिरातीही लेखांइतक्याच आवडीनं वाचत.

आपल्याकडे मात्र हे पीक फार उशिरा आलं. कारण उघड आहे. अँबॅसेडर आणि फियाट एवढीच निवड असेल, आणि तीही नंबर लावून वर्षानुवर्षं थांबल्यावर मिळणार असेल, तर तुलना कशाची करायची? माझ्या पिढीतल्या गाडीवेड्यांनी मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवर मिळणाऱ्या जुन्या परदेशी मासिकांवर आपली हौस भागवली. प्रवासी मोटारींच्या उत्पादनावरचा परवाना १९९३ मध्ये उठला, परदेशी कंपन्या आल्या, आणि मग १९९८ मध्ये ‘ओव्हरड्राइव्ह’ व १९९९ मध्ये ‘ऑटोकार इंडिया’ निघालं. गंमत अशी, की आपल्याकडे ही पहाट होत होती तेव्हा तिकडे सूर्य कलायला लागला होता.

या ऱ्हासाचं कारण विचारलं तर कोणीही एका शब्दात उत्तर देतं : इंटरनेट. ते खोटं नाही. जुनी गाडी विकायची छोटी जाहिरात संगणकावर फुकटात जाऊ लागली. इंजिन कसं खोलायचं हे चलचित्रात दिसू लागलं. नव्या गाडीची बातमी त्याच दिवशी जगभर पोचू लागली, आणि कित्येक आठवडे आधी छपाईला जाणारा अंक हाती येताना शिळा ठरू लागला. पण मला वाटतं, हे अर्धंच उत्तर आहे. उरलेलं अर्धं हिशेबाच्या वह्यांत सापडतं.

पीटरसननं १९९६ मध्ये आपली प्रकाशन संस्था सुमारे ४५ कोटी डॉलरना गुंतवणूकदारांना विकली. दोन-अडीच वर्षांतच ती ब्रिटनच्या ‘एमॅप’ कंपनीनं घेतली, तेव्हा कर्ज धरून किंमत गेली होती दीड अब्ज डॉलरच्या घरात. २००१ मध्ये एमॅपनं ती ‘प्रायमीडिया’ला विकली ती साधारण ५१ कोटींना, म्हणजे जवळपास एक तृतीयांशाला. २००७ मध्ये ‘सोर्स इंटरलिंक’नं प्रायमीडियाची छंदविषयक सगळी मासिकं सुमारे १.२ अब्जांना घेतली, आणि २००९ मध्ये त्या कंपनीवर दिवाळखोरीच्या न्यायालयात जाण्याची वेळ आली. चारशे डॉलरच्या रोपट्यावर अब्जावधींचा बोजा टाकला गेला. अशा वेळी नफा लेखकांवर, छायाचित्रकारांवर आणि चाचण्यांवर खर्च होत नाही, व्याज फेडण्यात जातो. अंक रोडावतात, वाचक गळतात, जाहिराती आटतात आणि मालक म्हणतात, काळच बदलला!

२०१४ मध्ये याच समूहाचा मासिक-वितरणाचा धंदा बंद पडला आणि ‘पॉप्युलर हॉट रॉडिंग’, ‘रॉड अँड कस्टम’ यांच्यासह अनेक मासिकं थांबली. शेवटचा मोठा घाव डिसेंबर २०१९ मध्ये बसला. समूहाच्या २२ छापील मासिकांपैकी १९ बंद करण्याचं एकाच वेळी जाहीर झालं. राहिली तीन : ‘हॉट रॉड’, ‘मोटर ट्रेंड’ आणि ‘फोर व्हीलर’. १९५३ पासूनचं ‘कार क्राफ्ट’ गेलं, १९८६ पासूनचं ‘ऑटोमोबाइल’ही गेलं. २०२४ च्या अखेरीस मोटर ट्रेंड समूह ‘हर्स्ट’नं विकत घेतला. ‘कार अँड ड्रायव्हर’ आणि ‘रोड अँड ट्रॅक’ आधीच हर्स्टकडे होती. सात दशकं एकमेकांवर कुरघोडी करणारे प्रतिस्पर्धी एका छपराखाली आले.

मग गेलं म्हणजे नेमकं काय गेलं? ही मासिकं काही धुतल्या तांदळासारखी नव्हती. ज्यांच्या गाड्यांची परीक्षा घ्यायची त्यांच्याच जाहिरातींवर त्यांचं पोट होतं. ‘कार अँड ड्रायव्हर’च्या मार्च १९६४ च्या अंकाचं उदाहरण प्रसिद्ध आहे. मुखपृष्ठावर स्वस्त पाँटिॲक जीटीओ आणि महागडी फेरारी जीटीओ यांची झुंज चितारली होती. प्रत्यक्षात दोन गाड्या समोरासमोर धावल्याच नव्हत्या. शिवाय चाचणीला दिलेल्या पाँटिॲकमध्ये ३८९ घन इंचांऐवजी ४२१ घन इंचांचं दांडगं इंजिन गुपचूप बसवलेलं होतं. पाँटिॲकच्या जाहिरातींचं काम पाहणारे जिम वँगर्स यांनी पुढे अनेक वर्षांनी ते कबूल केलं.

पण याच गोष्टीची दुसरी बाजू पाहा. कबुली आली तेव्हा तो अंक शेकडो कपाटांत जसाच्या तसा होता. छापलेले आकडे कोणालाही पुसता आले नाहीत. कागदाची ही खरी ताकद. एकदा छापलं की ते लेखकाच्या हातून सुटतं आणि पुढच्या पिढ्यांना पडताळता येतं. पडद्यावरचा मजकूर मालक बदलला की हलतो, कधी दुरुस्त होतो, कधी नाहीसाच होतो, आणि तिथे काय होतं हे सांगायला साक्षीदार उरत नाही.

दुसरं असं, की मासिक हे संपादकानं वाढलेलं ताट असे. मागितलेला पदार्थ त्यात असायचाच, पण न मागितलेली चटणी-कोशिंबीरही असायची. फोर्डचं इंजिन शोधायला अंक उघडणारा वाचक वाटेत एखाद्या अनोळखी शर्यतीची हकिकत वाचून जायचा.

दिवाळी अंक आपण हौसेनं बांधून ठेवतो. छंदाच्या मासिकांना मात्र ते भाग्य क्वचितच लाभतं. ग्रंथालयंही त्यांना फारसं दारात उभं करत नाहीत. पण उद्या कोणाला १९९० च्या दशकात भारतीय माणसानं गाडीकडून काय अपेक्षिलं, किंमत काय मोजली, हे लिहायचं झालं तर त्याचा पुरावा या मासिकांतच मिळणार आहे. तेव्हा माळ्यावर असा गठ्ठा असेल, तर रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी गावातल्या ग्रंथपालाला एकदा विचारून पाहा. किलोच्या भावानं मिळून मिळून किती पैसे मिळणार आहेत?