चार सेकंदांचा खर्च कोणी उचलायचा?

खेळ आणि पैसा हा विषय निघाला की आपली गाडी बहुतेक वेळा क्रिकेटपाशी येऊन थांबते. आज आपण जरा लांब, अमेरिकेत जाऊ या आणि आपल्याकडे फारशा माहीत नसलेल्या एका खेळाचा हिशेब मांडू या. खेळ आहे ड्रॅग रेसिंगचा.

खेळ समजायला अगदी सोपा आहे. सरळ धावपट्टी, शेजारी-शेजारी दोन गाड्या, हिरवा दिवा लागला की सुटायचं. आधी पोचेल तो पुढच्या फेरीत, हरेल तो घरी. यातल्या सर्वोच्च वर्गाला ‘टॉप फ्युएल’ म्हणतात. ही गाडी हजार फूट अंतर चार सेकंदांच्या आत कापते आणि शेवटी तिचा वेग ताशी ५०० किलोमीटरच्या वर गेलेला असतो. इंजिनाची ताकद ११ हजार अश्वशक्तीच्या आसपास. टाकीत पेट्रोल नसतं, मुख्यतः नायट्रोमेथेन असतं, आणि एका धावेला ते पन्नासेक लिटर लागतं. धाव संपली की इंजिन पूर्ण खोलायचं, पिस्टन, बेअरिंग, क्लचच्या चकत्या तपासायच्या, गेलेलं ते बदलायचं आणि तासाभरात सगळं पुन्हा जोडून गाडी उभी करायची. मागचे टायर मोजक्याच धावांत संपतात.

आता गणित बघा. पात्रता फेऱ्या आणि बाद फेऱ्या धरल्या, तर जिंकणारी गाडी एका स्पर्धेत सात-आठ वेळा धावते. म्हणजे तीन दिवसांत जेमतेम अर्धा मिनिट! या अर्ध्या मिनिटासाठी डझनभर तरी माणसं, मोठाले ट्रक, सुट्या भागांचा ढीग घेऊन देशभर फिरायचं. पूर्ण हंगामाचा खर्च काही दशलक्ष डॉलरांच्या घरात जातो. बक्षिसाच्या रकमेतून तो निघत नाही, कधीच निघालेला नाही. मग तो भरतं कोण, आणि कशासाठी? आजचा आपला प्रश्न एवढाच आहे.

सुरुवातीला उत्तर साधं होतं. ज्याची गाडी, त्याचाच खिसा. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियातली तरुण मुलं जुन्या गाड्या खटपटी करून पळवायची, तीही रस्त्यावर. त्यांना शिस्तीत आणण्यासाठी वॉली पार्क्स यांनी १९५१ मध्ये ‘नॅशनल हॉट रॉड असोसिएशन’ ही संघटना काढली. पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५५ मध्ये कॅन्सस राज्यातल्या ग्रेट बेंडला झाली. पुढे साठच्या दशकात नामवंत चालकांना गावोगावच्या धावपट्ट्या बोलावू लागल्या. आपल्याकडे जत्रेत नावाजलेल्या पैलवानांची जोड लावतात ना, तसंच. ठरलेलं मानधन घ्यायचं, दोन धावा दाखवायच्या, गाडी ट्रेलरवर चढवून पुढच्या गावी निघायचं. पोट त्यावर चालायचं. पण गाड्या वेगवान होत गेल्या तसा खर्च मानधनाच्या पुढे पळाला.

इथे पहिलं वळण येतं. टॉम मॅकयुएन आणि डॉन प्रुडोम हे दोन प्रतिस्पर्धी. एकाचं टोपणनाव ‘मुंगूस’, दुसऱ्याचं ‘साप’. मॅकयुएन यांच्या डोक्यात आलं की हे वैर विकता येईल. मॅटेल या खेळण्यांच्या कंपनीने १९६८ मध्ये ‘हॉट व्हील्स’ या छोट्या मोटारी बाजारात आणल्या होत्या. १९७० पासून साप-मुंगसाच्या खऱ्या गाड्यांवर हॉट व्हील्सचं नाव झळकलं आणि दुकानांत त्यांच्या चिमुकल्या प्रतिकृती आल्या. टायर नाही, तेल नाही, मोटारधंद्याशी संबंध नसलेली एक मोठी कंपनी या खेळात पैसा घालत होती. पण करार दोघांचाच होता. बाकीचे होते तिथेच राहिले. १९७२ मध्ये डॉन गार्लिट्स यांच्या पुढाकाराने चालकांनी इंडियानापोलिसच्या मोठ्या स्पर्धेच्याच दिवसांत तुल्सा इथे मोठ्या बक्षिसांची वेगळी स्पर्धा भरवली, ती याच असंतोषातून.

दुसरा पैसा आला तो एका कायद्यामुळे. २ जानेवारी १९७१ पासून अमेरिकेत रेडिओ-टीव्हीवर सिगारेटची जाहिरात बंद झाली. सिगारेट कंपन्यांचं जाहिरातीचं बजेट मोकळं झालं आणि ते शर्यतींकडे वळलं. आर. जे. रेनॉल्ड्सचा ‘विन्स्टन’ हा ब्रँड १९७५ मध्ये ड्रॅग रेसिंगच्या राष्ट्रीय मालिकेशी जोडला गेला आणि पुढची पंचवीसहून अधिक वर्षं टिकला. त्याच सुमारास अमेरिकेतली सक्तीची लष्करभरती १९७३ मध्ये थांबली. आता तरुणांना स्वखुशीने सैन्यात यायला पटवणं भाग होतं. १९७४ पासून प्रुडोम यांच्या गाडीवर ‘यू. एस. आर्मी’ ही अक्षरं दिसू लागली. म्हणजे बघा, खेळणी विकायची होती, सिगारेट विकायची होती, जवान भरती करायचे होते. पैसा आला तो या गरजांपोटी, शर्यतीच्या प्रेमापोटी नव्हे.

आणि गरज दुसऱ्याची असली की निवडही दुसऱ्याच्या हातात जाते. शर्ली मल्डाउनी यांचं उदाहरण घेऊ. १९७७ मध्ये टॉप फ्युएलचं विजेतेपद जिंकणाऱ्या त्या पहिल्या महिला. १९८० आणि १९८२ मध्ये त्यांनी ते पुन्हा जिंकलं. तीन वेळा हा किताब मिळवणारं त्यांच्याआधी कोणीच नव्हतं, पुरुषही नाही. तरीही मोठ्या प्रायोजकासाठी त्यांना सतत झगडावं लागलं. घड्याळाला बाई-पुरुष कळत नाही. जाहिरात खात्याला कळतं. गाडीवर कोणाचा चेहरा शोभेल हे बंद खोलीत ठरायचं, आणि तिथे त्यांचे विजय फारसे मोजले जात नव्हते.

तिसरा टप्पा ओहोटीचा. १९९८ मध्ये अमेरिकी राज्ये आणि सिगारेट कंपन्या यांच्यात मोठा समझोता झाला आणि ब्रँडच्या नावाने प्रायोजकत्व करण्यावर कडक मर्यादा आली. रेनॉल्ड्सने विन्स्टनसाठी नॅसकारच्या मोटारशर्यती राखल्या; ड्रॅग रेसिंगची साथ २००१ च्या हंगामाबरोबर सुटली. आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल, आपल्या क्रिकेट संघाच्या अंगावरचं ‘विल्स’ हे नावही त्याच वर्षी उतरलं. फरक इतकाच की क्रिकेटच्या दारात पुढचा प्रायोजक रांग लावून उभा होता. ड्रॅग रेसिंगला कोका-कोला मिळाली. आधी ‘पॉवरेड’, मग ‘फुल थ्रॉटल’, मग ‘मेलो येलो’, जे पेय खपवायचं त्याचं नाव मालिकेला. २०२० मध्ये करोनाच्या काळात हेही नातं तुटलं आणि संघटनेला कोर्टात जावं लागलं. मग ‘कॅम्पिंग वर्ल्ड’ आली, २०२४ पासून ‘मिशन फूड्स’.

मालिकेचं हे झालं. संघांचं हाल आणखी वेगळं. सोळा वेळा विजेते ठरलेले जॉन फोर्स घ्या. कॅस्ट्रॉल तेल कंपनी आणि फोर्ड, दोघांनीही २०१४ च्या अखेरीस त्यांची साथ सोडली. कतारच्या राजघराण्यातल्या शेखांच्या पैशावर उभ्या राहिलेल्या ‘अल-अनाबी’ संघाने २०१० ते २०१३ या काळात टॉप फ्युएलची तीन विजेतेपदं मिळवली. २०१५ चा हंगाम तोंडावर आला असताना पैसा थांबला आणि संघ संपला. टोनी शूमाकर यांच्या गाडीवर २००० पासून लष्कराचं नाव होतं. २०१८ नंतर तो करार गेला, आणि आठ किताब नावावर असलेल्या माणसाला पुढच्या हंगामात पूर्णवेळ गाडी उरली नाही. यातला कोणीही हरत होता म्हणून बाहेर फेकला गेला नाही, हे लक्षात घ्या.

मग टिकतं कोण? ज्याचा स्वतःचा धंदा आहे तो. कॉनी कलिटा यांची मालवाहू विमानांची कंपनी आहे. त्यांचा संघ तिच्या आधाराने दशकानुदशकं उभा आहे. रॉन कॅप्स, अँट्रॉन ब्राउन यांच्यासारखे चालक २०२२ पासून स्वतःच संघमालक झाले. आता तेच गाडी चालवतात, तेच प्रायोजकांच्या बैठकीलाही जातात. टीव्हीवर अर्धाच मिनिट मिळतं, म्हणून विक्री तंबूत होते. इथे प्रत्येक तिकिटावर गाड्यांच्या दुरुस्तीच्या जागेपर्यंत जाता येतं. प्रायोजक आपले ग्राहक, दुकानदार घेऊन येतो, त्यांना इंजिन उलगडताना दाखवतो, चालकाशी हात मिळवून देतो. त्याच्या पैशाची वसुली तिथे होते.

एक काळ असा होता की टॉप फ्युएलच्या सोळा जागांसाठी त्याहून कितीतरी जास्त गाड्या यायच्या आणि उरलेल्यांना परत जावं लागायचं. अलीकडे काही स्पर्धांत सोळा गाड्याही जमत नाहीत. धाडस कमी झालंय का? नाही. गाडी बांधणारे हात आहेत, चालवणारे आहेत. पण गॅरेजमधून थेट सर्वोच्च वर्गात जाण्याची १९५५ मधल्या पोराला असलेली वाट आता जवळजवळ बुजली आहे. पुढच्या वेळी एखाद्या गाडीवर किंवा जर्सीवर मोठं नाव दिसलं, तर आपण एकमेकांना विचारू या, ‘हे नाव इथे कोणत्या गरजेपोटी आलंय, आणि ती गरज संपली की या खेळाडूचं काय होणार?’